प्रवरेकाठची दगडी हत्यारे

नेवासे म्हटले की आपणा मराठी माणसांना प्रथम आठवते ती ज्ञानेश्वरी. पण त्याच प्रवरेच्या काठी माणसाचा वावर ज्ञानदेवांच्याही लाखो वर्षे आधीचा आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. आपली मुले येथील शाळांत आफ्रिकेतील ओल्डुवाईबद्दल शिकतात आणि घरी येऊन विचारतात, "आपल्याकडे काय होते?" त्या प्रश्नासाठी ही थोडी माहिती.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले. सातवाहनकाळ आणि त्याखाली ताम्रपाषाणयुगातील वस्ती सापडली. जवळच्या नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरांत तर अश्मयुगातील हत्यारे मिळाली. पुढे १९६०च्या दशकात गुडरून कॉर्व्हिनस या जर्मन विदुषींनी जवळच्याच चिरकी ओढ्यावर खोदकाम करून शेकडो हत्यारे उजेडात आणली.

ही हत्यारे दोन तऱ्हेची. जुनी ती आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची, दोन्ही अंगांनी छिलके काढून घडवलेली हातकुऱ्हाड. नंतरची हत्यारे लहान, चर्ट, जास्पर अशा गुळगुळीत दगडांच्या छिलक्यांची. कातडी तासायला, लाकूड खरवडायला. नदीत आपटून फुटलेला दगड आणि माणसाने फोडलेला दगड यांत फरक असतो. नेमका ठोका बसला की छिलक्यावर तेथे फुगवटा उठतो, आणि एकामागून एक ठोके ठरवून मारलेले दिसतात.

वय मात्र सहज सांगता येत नाही. जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीकाठी हत्यारांबरोबर ज्वालामुखीची राख सापडली. राखेचे वय प्रयोगशाळेत काढता येते, म्हणून सर्वांना आनंद झाला. १९८८ साली ते सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले. १९९५ साली दुसऱ्या मोजणीत ६ लाख ७० हजार आले. काही संशोधकांच्या मते तर ती राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची. राख पडली तेथेच राहिली की नदीने वाहून आणली, हाही वाद आहे. दरम्यान तामिळनाडूत अत्तिरमपक्कम येथे शांती पप्पू यांच्या गटाने २०११ साली हातकुऱ्हाडींचे वय दहा लाखांहून अधिक असल्याचे दाखवले.

आकडे असे बदलले म्हणून निराश व्हायचे कारण नाही. पुरावा पुन्हा तपासणे हेच शास्त्र. 'आपले सर्वांत जुने' असे छातीठोक सांगण्यापेक्षा हे मुलांना सांगणे अधिक मोलाचे. शिवाय हातकुऱ्हाड घडवणारे ते लोक मराठी नव्हते, बहुधा आपल्या जातीचे मानवही नव्हते. १९८२ साली नर्मदेकाठी हथनोरा येथे सापडलेली कवटी सोडली, तर भारतात अशा प्राचीन मानवाचे अवशेष जवळपास नाहीतच. उरले आहेत ते त्यांचे दगड.

तेव्हा सुट्टीत देशी जाल, नेवाशाला दर्शनाला जाल, तर नदीकाठही मुलांना दाखवा. दगड मात्र उचलून आणू नका. कोणत्या थरात होता हे हरवले, की हत्यार मुके होते.