प्रशिक्षण झाले, लक्षात किती राहिले? कर्मचारी प्रशिक्षणातील सक्रिय अध्ययन पद्धती

कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणवर्ग भरविणे ही लहान-मोठ्या आस्थापनांची नित्याची बाब झाली आहे. दोन दिवसांची कार्यशाळा, पडद्यावर सरकणाऱ्या स्लाइड्स, चहापान, हजेरीपटावरील सही आणि अखेरीस प्रमाणपत्र, असा तिचा सर्वसाधारण क्रम असतो. महिन्याभरानंतर त्यातील किती भाग कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष कामात वापरता येतो, याची तपासणी मात्र क्वचितच होते. शिकलेले टिकावे यासाठी कोणत्या पद्धती उपयोगी पडतात, यावर गेल्या शतकभरात बरेच संशोधन झाले असून त्याचा रोख एकाच दिशेने आहे. प्रशिक्षणार्थी केवळ ऐकत किंवा वाचत राहिला, तर ज्ञान फार काळ टिकत नाही. ते त्याला स्वतः आठवून सांगावे लागले, करून दाखवावे लागले आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा करावे लागले, तर ते अधिक टिकते. अशा पद्धतींना एकत्रितपणे सक्रिय अध्ययन असे संबोधले जाते.

या विषयाचा आरंभ बहुधा जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांच्या १८८५ मधील ग्रंथापासून मानला जातो. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करून, काही काळाने त्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्यांनी मोजले. ही बचत वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के आणि महिन्याभरानंतर सुमारे २१ टक्के आढळली. प्रशिक्षणाच्या क्षेत्रात हे आकडे सार्वत्रिक नियम असल्याप्रमाणे उद्धृत केले जातात, ते योग्य नव्हे. एबिंगहाउस यांनी हा प्रयोग एकाच व्यक्तीवर, म्हणजे स्वतःवर केला होता, आणि अर्थपूर्ण मजकूर निरर्थक अक्षरांपेक्षा अधिक टिकतो. त्यांच्या आलेखाचा आकार मात्र पुढील प्रयोगांतही दिसून आला आहे. विस्मरण आरंभी अतिशय वेगाने होते आणि नंतर मंदावते. प्रशिक्षणानंतरचे पहिले काही दिवस महत्त्वाचे ठरतात ते यामुळेच.

टपाल कर्मचाऱ्यांवरील प्रयोग

कर्मचारी प्रशिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रयोग ब्रिटनमधील टपाल खात्याशी संबंधित आहे. पत्रांची वर्गवारी यंत्राने करण्यासाठी लिफाफ्यावरील पोस्टकोड कळफलकावर टंकित करणे आवश्यक झाले आणि त्यासाठी मोठ्या संख्येने पोस्टमनना टंकलेखन शिकवावे लागणार होते. हे प्रशिक्षण कसे द्यावे, याचा अभ्यास ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी केला व तो १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. (भारतात सहा अंकी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे नामवंत कवीही होते.)

पोस्टमनचे चार गट करण्यात आले. एका गटाला दररोज एकच तास सराव होता, तर दुसऱ्या टोकाच्या गटाला दिवसातून दोनदा दोन-दोन तास, म्हणजे एकूण चार तास. उर्वरित दोन गटांना दररोज दोन तास मिळत. एकाला सलग, तर दुसऱ्याला दोन भागांत. कळफलक आत्मसात करण्यास एक तासाच्या गटाला एकूण सुमारे ३५ तास लागले, तर चार तासांच्या गटाला सुमारे ५० तास. काही महिन्यांनंतर घेतलेल्या चाचण्यांतही चार तासांचा गटच मागे राहिला.

आश्चर्याची बाब पुढेच आहे. आपल्या वेळापत्रकाबाबत सर्वांत कमी समाधानी असलेला गट एक तासाचाच होता. कारण उघड आहे. आठवड्याला पाच दिवस धरले, तर दररोज एक तास याप्रमाणे ३५ तास पूर्ण होण्यास सात आठवडे लागतात. दररोज चार तासांप्रमाणे ५० तास अडीच आठवड्यांत संपतात. सहकारी पुढे जात आहेत आणि आपण मागे पडत आहोत, असे त्या पोस्टमनना वाटत होते. तासांच्या हिशेबात ते पुढे होते, दिनदर्शिकेच्या हिशेबात मागे.

आजही बहुतेक आस्थापना दिनदर्शिकेच्याच हिशेबाने निर्णय घेतात, आणि त्यामागे व्यावहारिक कारणे असतात. कर्मचाऱ्याला दोन दिवस कामावरून मोकळे करणे सोपे, पण सात आठवडे दररोज एक तास सोडणे कठीण असते. बाहेरगावाहून येणाऱ्यांचा प्रवासखर्च असतो, सभागृहाचे भाडे असते. तथापि वाचलेल्या दिवसांची किंमत पुढे विसरलेल्या कामाच्या रूपाने मोजावी लागते, आणि हा खर्च कोणत्याही शीर्षाखाली नोंदवला जात नाही.

आठवणे हाच सराव

दुसरा महत्त्वाचा निष्कर्ष परीक्षेविषयी आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. त्यानंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवेल तितका लिहून काढला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले; त्यांना ८१ टक्के भाग आठवला, तर लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, तर लिहून काढणारे ५६ टक्क्यांवर टिकून होते.

हाच परिणाम प्रत्यक्ष नोकरीत असलेल्यांमध्येही दिसतो का, हे लार्सन, बटलर आणि रोडिगर यांनी निवासी डॉक्टरांच्या बाबतीत तपासले. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांना दोन आजारांविषयी व्याख्यान देण्यात आले. पुढे काही आठवड्यांच्या काळात एका आजारावर वारंवार छोट्या चाचण्या घेऊन योग्य उत्तरे सांगण्यात आली, तर दुसऱ्या आजारावरील टिपण फक्त पुन्हा वाचण्यास देण्यात आले. सहा महिन्यांनंतर चाचणी घेतलेल्या विषयात सरासरी ३९ टक्के, तर केवळ वाचलेल्या विषयात २६ टक्के गुण मिळाले. फरक मोठा आहे; पण ३९ टक्के ही संख्याही समाधान मानावे अशी नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. अभ्यासू आणि प्रेरित डॉक्टरांची ही स्थिती असेल, तर एका दुपारच्या सुरक्षाविषयक व्याख्यानातून कामगाराला वर्षभराची शिदोरी मिळते, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

येथे चाचणी हा शब्द गुणपत्रिकेच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. चुकल्यास लाज वाटेल किंवा बढती अडेल अशी भीती असेल, तर कर्मचारी उत्तर देण्याचेच टाळतो. आठवण्याचा प्रयत्न व्हावा आणि चूक लगेच दुरुस्त व्हावी, एवढेच अपेक्षित आहे. दुरुस्ती झाली नाही, तर चुकीचे उत्तरच पक्के होण्याचा संभव असतो.

युद्धकाळातील चार पायऱ्या

या तत्त्वांना प्रयोगशाळेची मान्यता मिळण्यापूर्वीच कारखान्यांनी त्यांचा वापर केला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कधीही यंत्राला हात न लावलेले स्त्री-पुरुष त्यांच्या जागी आले. त्यांना लवकर तयार करण्यासाठी १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम सुरू झाला. १९४५ मध्ये तो बंद होईपर्यंत १६ हजारांहून अधिक कारखाने आणि आस्थापनांतील सुमारे साडेसतरा लाख व्यक्तींना त्याचे प्रमाणपत्र देण्यात आले. त्याचा पाया पहिल्या महायुद्धात जहाजबांधणी कामगारांना शिकविणाऱ्या चार्ल्स ॲलन यांच्या पद्धतीत होता.

हा कार्यक्रम मुख्यतः पर्यवेक्षकांसाठी होता. सुमारे दहा जणांचा गट आणि दोन-दोन तासांच्या पाच बैठका असे त्याचे स्वरूप होते. पहिल्या बैठकीत विजेच्या तारेची एक विशिष्ट गाठ शिकविली जाई. प्रशिक्षक एका पर्यवेक्षकाला पुढे बोलावून गाठ कशी मारावयाची ते केवळ शब्दांत सांगे. त्याला ती जमत नसे. मग दुसऱ्याला एक शब्दही न बोलता गाठ मारून दाखवी. बहुधा त्यालाही जमत नसे. सांगणे म्हणजे शिकविणे नव्हे आणि दाखविणे म्हणजेही शिकविणे नव्हे, हे उपस्थितांना अशा प्रकारे स्वतःच्या अनुभवातून कळे.

त्यानंतर चार पायऱ्या येत. प्रथम कामगाराची भीती घालवून त्याला आधी काय येते हे विचारणे. मग काम टप्प्याटप्प्याने करून दाखवीत त्यातील कळीचे मुद्दे समजावणे. तिसऱ्या पायरीवर कामगाराकडून ते करून घेणे. आणि अखेरीस त्याला कामावर सोडून ठरावीक काळाने विचारपूस करीत राहणे. यातील तिसरी पायरी विशेष विचारपूर्वक रचलेली आहे. कामगार प्रथम काम करून दाखवितो व चूक तेथेच दुरुस्त होते. नंतर तेच काम करताना तो प्रत्येक कळीचा मुद्दा स्वतःच्या तोंडाने सांगतो. कामगार शिकला नसेल तर त्याचे उत्तरदायित्व शिकविणाऱ्याकडे जाते, असा या कार्यक्रमाचा स्पष्ट दंडक होता. युद्धानंतर हा कार्यक्रम अमेरिकेत मागे पडला. जपानमध्ये मात्र तो रुजला आणि टोयोटाच्या कार्यपद्धतीत त्याने स्थायी स्थान मिळविले.

भारतातील संदर्भ

भारतात कामाच्या जागी शिकण्याची परंपरा जुनी आहे. शिकाऊ उमेदवारीला १९६१ च्या कायद्याने वैधानिक चौकट मिळाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली आणि सरकारी कर्मचाऱ्यांसाठी डिजिटल प्रशिक्षणाचे व्यापक व्यासपीठ उभे राहिले. अशा व्यासपीठांमुळे तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यालाही अभ्यासक्रम उपलब्ध होतो, हा मोठाच लाभ होय. परंतु चित्रफीत शेवटपर्यंत चालली याची नोंद ठेवणे सोपे असते. ती पाहणाऱ्याला पंधरवड्यानंतर काय आठवते याची नोंद ठेवणे कठीण. व्यासपीठ सरकारी असो वा खासगी, पहिल्या संख्येवर समाधान मानण्याचा मोह दोन्हीकडे सारखाच असतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण भाषेची आहे. सूचनापुस्तिका इंग्रजीत, प्रशिक्षक हिंदीत आणि कामगार मराठी, ओडिया किंवा भोजपुरीत विचार करणारा, अशी स्थिती अनेक औद्योगिक वसाहतींत दिसते. “समजले का?” या प्रश्नाला “हो” हे उत्तर ठरलेले असते आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कामगाराने तीच कृती स्वतःच्या भाषेत सहकाऱ्याला समजावून दिली, तर त्याला काय उमगले आणि काय निसटले, हे दोन मिनिटांत स्पष्ट होते. अनुवादित पुस्तिकेपेक्षा ही तपासणी अधिक विश्वासार्ह आहे.

समजा, एखाद्या रासायनिक कारखान्यात वायुगळतीच्या वेळी काय करावे हे शिकवावयाचे आहे. दोन तासांच्या व्याख्यानाऐवजी वीस मिनिटांचे प्रात्यक्षिक द्यावे. प्रत्येकाने स्वतः मुखवटा चढवावा, झडप कोठे आहे ते जाऊन दाखवावे आणि कृतींचा क्रम मोठ्याने सांगावा. आठवड्यानंतर पाळी सुरू होताना कागद न पाहता दोन प्रश्न विचारावेत. महिन्याभराने पूर्वसूचना न देता सराव घ्यावा. एकूण वेळ तेवढाच लागतो, फक्त तो विभागला जातो. हे अंतर किती असावे, याविषयी सेपेडा आणि सहकाऱ्यांनी १,३५० हून अधिक व्यक्तींवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. माहिती वर्षभर टिकवावयाची असेल, तर उजळणी साधारण तीन ते पाच आठवड्यांनी लाभदायक ठरते, असा त्याचा अर्थ निघतो. आठवडाभरच टिकवावयाची असेल, तर एक-दोन दिवसांचे अंतर पुरते.

गैरसमज आणि मर्यादा

सक्रिय अध्ययनाच्या नावाखाली काही अप्रमाणित गोष्टीही प्रचलित आहेत. वाचलेले दहा टक्के, ऐकलेले वीस टक्के आणि केलेले नव्वद टक्के लक्षात राहते, असा त्रिकोण अनेक प्रशिक्षणवर्गांत दाखविला जातो आणि त्याचे श्रेय अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांना दिले जाते. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला हे खरे, पण त्यात टक्केवारी नव्हती. ती नंतर कोणीतरी चिकटवली असून तिला प्रयोगाचा आधार नाही. तसेच फुगे फोडणे किंवा गटगीते म्हणणे यांमुळे वर्गात उत्साह येत असेल. कामाशी संबंधित काही आठवावे वा करावे लागत नसेल, तर ते अध्ययन नव्हे.

नवख्या कर्मचाऱ्याला “तूच शोधून काढ” म्हणून मोकळे सोडणे हाही सक्रिय अध्ययनाचा विपर्यास आहे. कर्श्नर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे नवशिक्याला आधी स्पष्ट मार्गदर्शन व सोडविलेली उदाहरणे लागतात. युद्धकाळातील पद्धतीत करून दाखविणे हे करून घेण्याच्या आधी येते, ते याचसाठी.

सर्वांत मोठा अडथळा मात्र मोजमापाचा आहे. प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार स्तरांवर करावे, असे डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये सुचविले होते: प्रशिक्षणार्थींची प्रतिक्रिया, शिकलेला भाग, वर्तनातील बदल आणि कामावरील परिणाम. बहुतेक ठिकाणी पहिल्याच स्तरावर, म्हणजे समाधानाच्या प्रपत्रावर, काम थांबते. हे प्रपत्र दिशाभूल करू शकते. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील २०१९ च्या अभ्यासात सक्रिय पद्धतीने शिकलेल्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले. आपण कमी शिकलो, असे वाटणारेही तेच होते. सफाईदार व्याख्यान ऐकताना सारे समजल्यासारखे वाटते आणि स्वतः आठवताना अडखळायला होते. समाधानाच्या गुणांवर प्रशिक्षकाची निवड होत असेल, तर व्याख्यान देणाराच निवडला जाणार.

हृदयक्रिया बंद पडलेल्या व्यक्तीला द्यावयाच्या सीपीआर प्रशिक्षणात या प्रश्नाची निकड प्रकर्षाने जाणवते. प्रौढ व्यक्तीची छाती मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावी लागते. हे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत ओसरू लागते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे; प्रमाणपत्र मात्र परंपरेने दोन वर्षांसाठी वैध धरले जाते. त्यामुळे अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी दर तीन महिन्यांनी काही मिनिटांचा सराव सुरू केला आहे. परिचारिका आपल्याच विभागात ठेवलेल्या पुतळ्याच्या छातीवर दाब देते आणि दाब उथळ पडला की यंत्र तत्क्षणी तसे सांगते.