मणक्याच्या ऑपरेशननंतर रक्तस्राव : सकाळची वाट केव्हा पाहू नये?

मणक्याचे ऑपरेशन झाल्यावर पट्टीवर रक्ताचा डाग दिसला की नातेवाईक घाबरतात. थोडा डाग पडणे किंवा जखमेतील नळीतून (ड्रेन) पहिले एक-दोन दिवस लालसर पाणी येणे अपेक्षितच असते. धोका जास्त असतो तो आत साठणाऱ्या, बाहेर न दिसणाऱ्या रक्ताचा.

मज्जारज्जू आणि नसा हाडांच्या नळीतून जातात. ही नळी ताणली जात नाही. तिथे रक्त साकळले की नसांवर दाब पडतो. याला एपिड्युरल हिमॅटोमा म्हणतात. त्रास देण्याइतके रक्त साठण्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे, पण वेळेत दाब काढला नाही तर पायांतली ताकद कायमची जाऊ शकते. बहुतेक वेळा हे पहिल्या २४ तासांत घडते. म्हणूनच नर्स मध्यरात्री उठवून पायाची बोटे हलवायला सांगतात. "झोपू द्या ना त्यांना" असे म्हणून त्यांना परत पाठवू नका. नळी रिकामी दिसली म्हणून निश्चिंत राहू नका, कारण ती तुंबलेलीही असू शकते.

क्वचित हा त्रास काही दिवसांनी, घरी गेल्यावर सुरू होतो. पुढीलपैकी काहीही नव्याने जाणवले तर लगेच सर्जनना फोन करा :

- कमी होत आलेली पाठदुखी पुन्हा वाढणे, गोळीनेही न थांबणे
- पायात (मानेचे ऑपरेशन असेल तर हातातही) जडपणा, पाऊल न उचलणे
- लघवी तुंबणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे
- जननेंद्रिय व गुदद्वाराभोवतीची जागा बधिर होणे

मानेच्या पुढून ऑपरेशन झाले असेल आणि गळा सुजून आवाज बदलला, गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला, तर एक मिनिटही थांबू नका.

निदानासाठी तातडीने एमआरआय करतात, आणि दाब असेल तर पुन्हा ऑपरेशन करून साकळलेले रक्त काढतात. हे काही तासांत झाले तर ताकद परत येण्याची शक्यता बरीच चांगली असते. महाबळेश्वर, तापोळा भागातल्या लोकांसाठी इथेच अडचण आहे. ऑपरेशन साताऱ्याला, कऱ्हाडला किंवा पुण्याला होते आणि रुग्ण घाट चढून घरी येतो. पावसाळ्यात धुके आणि दरडी असतात. जुलै २०२१ मध्ये आंबेनळी घाट दरडींमुळे बंदच पडला होता. शक्य असेल तर पहिले काही दिवस वाई-साताऱ्याकडे नातेवाइकांकडे राहा. निघायची वेळ आलीच तर १०८ ला फोन करा. एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही असतील तिथेच जायचे, आणि निघतानाच त्यांना कळवायचे.

औषधांबद्दल ऑपरेशनआधीच बोला. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या आणि कधी सुरू करायच्या, हे सर्जन व हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात. स्टेंट बसवलेला असताना त्या स्वतःहून बंद केल्या तर हार्ट अटॅक येऊ शकतो. घरात उरलेली डायक्लोफेनॅकची गोळी सर्जनना विचारल्याशिवाय घेऊ नका. काढे, आयुर्वेदिक गोळ्या, दारूची सवय, यकृताचा आजार, दात काढताना रक्त न थांबणे हेही सांगा. दारूचे बहुतेक जण लपवतात, आणि यकृत बिघडले असेल तर रक्त लवकर गोठत नाही.

घरी जखमेवर मालीश किंवा शेक नको. पट्टी पुन्हा पुन्हा भिजत असेल तर दुखत नसले तरी दाखवून घ्या.