राष्ट्रसंघाची माहितीव्यवस्था

राष्ट्रसंघाची माहितीव्यवस्था : पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाने (१९२०–४६) सदस्य राष्ट्रांकडून माहिती मिळविणे, तिची नोंद व वर्गवारी करणे, ती परस्परांना पुरविणे आणि जगापुढे ठेवणे, ह्यांसाठी उभारलेली यंत्रणा. शासनाशासनांनी मिळून चालविलेल्या संस्थेने माहितीचे संकलन व प्रसिद्धी ही आपली नित्याची व कायम स्वरूपाची कामे मानावीत, असा हा इतक्या व्यापक प्रमाणावरील पहिलाच प्रयोग होय. राष्ट्रसंघाजवळ स्वतःचे सैन्य नव्हते, करवसुलीचा अधिकार नव्हता व महत्त्वाचे निर्णय सामान्यतः एकमतानेच घ्यावे लागत. त्यामुळे माहिती हेच त्याचे प्रमुख साधन ठरले. त्या साधनाचे सामर्थ्य आणि मर्यादा ही दोन्ही राष्ट्रसंघाच्या इतिहासात स्पष्टपणे दिसून येतात.

पार्श्वभूमी : १९१४ पूर्वीच्या यूरोपातील गुप्त तहांनी व लष्करी करारांनी युद्धाची आग पसरविली, असे युद्धोत्तर काळात सर्वसाधारण मत होते. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियातील नव्या राजवटीने झारशाहीच्या दप्तरातील गुप्त करार प्रसिद्ध केल्यामुळे ह्या मताला पुष्टी मिळाली. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन ह्यांनी ८ जानेवारी १९१८ रोजी मांडलेल्या चौदा कलमांपैकी पहिलेच कलम उघड वाटाघाटींतून होणाऱ्या उघड करारांसंबंधीचे होते. राष्ट्रसंघाच्या सनदेच्या अठराव्या अनुच्छेदात हे तत्त्व समाविष्ट झाले. सदस्य राष्ट्राने केलेला प्रत्येक तह सचिवालयात नोंदविला पाहिजे, सचिवालयाने तो शक्य तितक्या लवकर प्रसिद्ध केला पाहिजे आणि नोंदणी होईपर्यंत तो बंधनकारक ठरणार नाही, असे त्यात म्हटले होते. ह्या अनुच्छेदानुसार प्रसिद्ध झालेल्या तहमालेचे २०५ खंड निघाले. पुढे स्वतः अमेरिका राष्ट्रसंघाची सदस्य झाली नाही. तथापि सत्य परिस्थिती लोकांपुढे आली, की लोकमतच शासनांना आवर घालील, हा विल्सन ह्यांचा विश्वास संस्थेच्या पायाशी कायम राहिला. ब्रिटनमध्ये लॉर्ड रॉबर्ट सेसिल ह्यांनीही हीच भूमिका हिरिरीने मांडली.

रचना : पहिले महासचिव सर एरिक ड्रमंड (कार. १९२०–३३) ह्यांनी जिनीव्हा येथे निरनिराळ्या राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांचे एकसंध सचिवालय उभारले. येणारे प्रत्येक पत्र प्रथम मध्यवर्ती नोंदणी कक्षात जाई; तेथे त्यास क्रमांक मिळे, विषयवार धारिकेत ते दाखल होई व मगच संबंधित विभागाकडे पाठविले जाई. ह्या शिस्तीमुळे एखाद्या प्रश्नाचा आरंभापासूनचा पत्रव्यवहार एकत्र सापडणे शक्य झाले. इंग्रजी व फ्रेंच ह्या दोन अधिकृत भाषांमुळे भाषांतरकारांचा व दुभाष्यांचा वर्गही मोठा होता.

सचिवालयातील मोठ्या विभागांमध्ये माहिती विभागाची गणना होई. फ्रेंच पत्रकार प्येअर कॉमेर हे त्याचे पहिले संचालक. पुढे ही जबाबदारी डच अधिकारी आड्रियानुस पेल्ट ह्यांच्याकडे आली. वृत्तपत्रप्रतिनिधींना कागदपत्रे व खुलासे पुरविणे आणि जगातील वृत्तपत्रांचे मत सचिवालयास कळविणे, असे त्याचे दुहेरी कार्य होते. लंडन, पॅरिस, रोम, बर्लिन, टोकिओ इ. राजधान्यांत त्याच्या शाखा होत्या. भारत ब्रिटिश अंमलाखाली असूनही राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होता आणि १९३० नंतरच्या दशकात राष्ट्रसंघाचे एक कार्यालय मुंबईतही कार्य करीत होते. अधिकृत पत्रिका (१९२० पासून) व मासिक गोषवारा (१९२१ पासून) ह्यांतून कामकाज प्रसिद्ध होई. युद्धप्रसंगी संदेशवहनासाठी इतर देशांवर विसंबून राहावे लागू नये, म्हणून १९३२ मध्ये स्वतःचे बिनतारी केंद्रही सुरू करण्यात आले. जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) ह्यांनी १९२७ मध्ये दिलेल्या वीस लक्ष डॉलरांच्या देणगीतून ग्रंथालय उभे राहिले.

साथरोगविषयक माहिती : ह्या व्यवस्थेचे सर्वांत यशस्वी अंग म्हणजे आरोग्यविषयक वार्तासेवा. पोलिश वैद्य लुडविक राइखमन ह्यांच्या नेतृत्वाखालील आरोग्य विभागाने रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९२५ मध्ये सिंगापूर येथे पूर्वेकडील कार्यालय उघडले. आशियातील बंदरांचे आरोग्याधिकारी प्लेग, पटकी व देवी ह्यांच्या रुग्णांची आणि मृत्यूंची संख्या दर आठवड्यास तारेने तेथे कळवीत. सिंगापूर कार्यालय ती एकत्र करून सांकेतिक लिपीत बिनतारी केंद्रांवरून प्रक्षेपित करी. बंदर सोडून निघालेल्या जहाजासही पुढील बंदराची स्थिती समजू शके. जिनीव्हाहून १ एप्रिल १९२६ पासून साप्ताहिक साथरोग-वृत्तपत्र निघू लागले.

साथ जाहीर केल्यास बंदराच्या व्यापाराची हानी होते, म्हणून ती दडविण्याकडे पूर्वी शासनांचा कल असे. सिंगापूरच्या व्यवस्थेने हा हिशेब बदलला. खात्रीची माहिती वेळेवर मिळाली, तर संशयावरून लादली जाणारी विलग्नवासाची बंधने टळतात आणि स्वतःची माहिती देणाऱ्यास इतर सर्वांची माहिती मिळते, हे शासनांच्या अनुभवास आले. १९४२ मध्ये जपानने सिंगापूर जिंकून घेतल्यावर ही सेवा खंडित झाली.

अर्थकारण व अफू : अलेक्झांडर लव्हडे ह्यांच्या देखरेखीखालील आर्थिक विभागाने विविध देशांची आकडेवारी तुलनायोग्य स्वरूपात आणली. १९२९ नंतरच्या महामंदीत वार्षिक जागतिक आर्थिक आढावा सुरू झाला. जेम्स मीड ह्यांनी त्याचे काही अंक लिहिले. गॉटफ्रीट हाबरलर व यान टिनबर्खेन ह्यांचे व्यापारचक्रांवरील महत्त्वाचे ग्रंथ ह्याच विभागासाठी तयार झाले.

अफू व तत्सम मादक द्रव्यांच्या बाबतीत माहितीचे रूपांतर प्रत्यक्ष नियंत्रणात झाले. १९३१ च्या करारानुसार प्रत्येक देशाने आपली वैद्यकीय व शास्त्रीय गरज आगाऊ कळवावयाची होती. ज्या देशाकडून अंदाज येणार नाही, त्याच्यासाठी पर्यवेक्षण मंडळ स्वतः अंदाज ठरवी. मौन पाळून नियंत्रणातून सुटण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली.

मर्यादा : राष्ट्रांच्या सत्तेचा प्रश्न जेथे निगडित होता, तेथे चित्र वेगळे दिसते. जर्मनी व तुर्कस्तान ह्यांच्याकडून काढून घेतलेले प्रदेश मँडेट म्हणून विजयी राष्ट्रांच्या कारभाराखाली देण्यात आले होते. त्यांच्याविषयीचे वार्षिक अहवाल स्थायी मँडेट आयोग तपाशी व आयोगाचे इतिवृत्त प्रसिद्ध होई. परंतु हे अहवाल राज्यकर्ते राष्ट्रच लिही. रहिवाशांचे अर्जही त्याच राष्ट्रामार्फत, त्याच्या अभिप्रायासह यावे लागत. आयोगास त्या प्रदेशांना भेट देता येत नसे व अर्जदारांची तोंडी साक्षही घेता येत नसे. १९२५ मध्ये फ्रान्सने दमास्कसवर तोफांचा मारा केल्यावर आयोगाने रोम येथे खास बैठक (१९२६) घेऊन फ्रेंच प्रतिनिधीस प्रश्न विचारले. साम्राज्यसत्तेला आपल्या कारभाराचा उघड जबाब द्यावा लागला, हे नवे होते. मात्र सिरियाचा कारभार फ्रान्सकडेच राहिला.

मँचुरियाच्या प्रकरणात ही उणीव अधिक प्रकर्षाने जाणवली. सप्टेंबर १९३१ मध्ये जपानी सैन्याने कारवाई केल्यावर लॉर्ड लिटन ह्यांच्या अध्यक्षतेखाली पाच सदस्यांचा चौकशी आयोग नेमण्यात आला. आयोगाने प्रत्यक्ष पाहणी करून साक्षेपी अहवाल तयार केला. तो ऑक्टोबर १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला; पण तत्पूर्वीच, १५ सप्टेंबर रोजी, जपानने मांचुकुओ ह्या आपल्या अंकित राज्यास मान्यता देऊन टाकली होती. २४ फेब्रुवारी १९३३ रोजी आमसभेने ४२ विरुद्ध १ मतांनी जपानच्या विरोधात निर्णय दिला आणि पुढच्याच महिन्यात जपानने राष्ट्रसंघातून बाहेर पडत असल्याची सूचना दिली. वस्तुस्थितीबद्दल फारसा संदेह उरला नव्हता. तिच्यावर कृती करण्याची सदस्यांची तयारी नव्हती.

इथिओपियावरील इटलीच्या आक्रमणाच्या वेळी ब्रिटन व फ्रान्स ह्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या देशाचा मोठा भाग इटलीला देण्याची योजना गुप्तपणे आखली (डिसेंबर १९३५). पॅरिसच्या वृत्तपत्रांत ती फुटली व लोकक्षोभामुळे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री सॅम्युएल होअर ह्यांना राजीनामा द्यावा लागला. प्रसिद्धीने गुप्त सौदा मोडला खरा. तथापि त्यामुळे इथिओपिया वाचला नाही. खोट्या प्रचाराला आळा घालण्यासाठी शांततेच्या कार्यात नभोवाणीच्या उपयोगासंबंधीचा करार १९३६ मध्ये संमत झाला. मात्र प्रचारासाठी नभोवाणीचा सर्वाधिक वापर करणारी नाझी जर्मनी त्यापूर्वीच राष्ट्रसंघाबाहेर पडली होती.

वारसा : १९४० मध्ये लव्हडे व त्यांचे काही सहकारी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे गेले व तेथून त्यांनी आर्थिक विभागाचे काम चालू ठेवले. जिनीव्हात शॉन लेस्टर ह्यांनी अल्प कर्मचाऱ्यांनिशी सचिवालय व दप्तर सांभाळले. एप्रिल १९४६ मध्ये राष्ट्रसंघ विसर्जित झाला, तरी त्याची माहितीव्यवस्था बव्हंशी टिकली. तहांची नोंदणी व ग्रंथालय संयुक्त राष्ट्रांकडे आणि साथरोग-वृत्तपत्र जागतिक आरोग्य संघटनेकडे गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील १०२ व्या अनुच्छेदाने तहनोंदणीचा नियम अधिक व्यवहार्य केला : नोंदणी न झालेला तह अवैध ठरत नाही, पण त्याचा आधार संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही अंगापुढे घेता येत नाही. राष्ट्रसंघाच्या दप्तराची नोंद २००९ मध्ये यूनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ सूचीत झाली व त्यातील सुमारे दीड कोटी पृष्ठांचे संगणकीय प्रतिरूपण २०२२ मध्ये पूर्ण झाले.

राष्ट्रसंघाच्या अनुभवावरून असे दिसते, की माहिती देण्यात सर्वांचे हित सामावलेले असेल आणि न देणाऱ्यास काही किंमत मोजावी लागत असेल, तेथे ती शासनांच्या वर्तनास वळण लावू शकते. ह्यांपैकी काहीच नसेल, तर ती केवळ साक्ष ठरते. अशा साक्षीलाही मोल आहे. मँचुरियात व सिरियात काय घडले आणि ते माहीत असूनही कोणी काय केले नाही, ह्याचा पुरावा राष्ट्रसंघाच्या धारिकांत जतन झालेला आहे.