कंपन्यांच्या राजकीय देणग्या आणि भागधारक : १९५७ ते २०२४

राजकीय पक्ष आणि भांडवलदार यांच्या संबंधांची चर्चा आपल्याकडे बहुधा नैतिक अंगाने केली जाते. प्रस्तुत लेखात हा विषय कंपनी कायद्याच्या इतिहासातून, विशेषतः मुंबई उच्च न्यायालयातील १९५७ च्या एका खटल्याच्या आधारे पाहिला आहे.

राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रकात दुरुस्ती करावयाचे ठरविले. सत्ताधारी काँग्रेसच्या औद्योगिक धोरणावर कंपनीचे भवितव्य अवलंबून आहे, असा तिचा युक्तिवाद होता. एका भागधारकाने हरकत घेतली व प्रकरण मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यासमोर अपिलात आले. कायद्यात मनाई नसल्याने त्यांनी दुरुस्ती मान्य केली. परंतु अशा देणग्यांपासून लोकशाहीस मोठा धोका संभवतो, याचा संसदेने विचार करावा, असे स्पष्टपणे बजावले. त्याच वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयानेही इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या प्रकरणात असाच इशारा दिला. हरकतीचा मूळ मुद्दा आजही विचारार्ह वाटतो. कंपनीस मताधिकार नाही. तो भागधारकास आहे. ज्या पक्षाविरुद्ध तो मत देतो, त्याच पक्षास त्याच्या गुंतवणुकीतून पैसा जाऊ शकतो.

संसदेने १९६० मध्ये कंपनी कायद्यात कलम २९३-अ घातले. पंचवीस हजार रुपये किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती मर्यादा ठरली आणि हिशेबात देणगी दाखविणे बंधनकारक झाले. स्वतंत्र पक्षाची स्थापना १९५९ मध्ये झाली होती. काँग्रेसबरोबर त्या पक्षासही साहाय्य करण्याचा मनोदय जे. आर. डी. टाटा यांनी १९६१ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्राने कळविला. आजच्या वाचकास हा मोकळेपणा नवलाचा वाटेल!

संथानम समितीने १९६४ मध्ये अशा देणग्यांवर संपूर्ण बंदीची शिफारस केली. प्रत्यक्ष बंदी मात्र १९६९ मध्ये आली. मधल्या काळात, १९६७ च्या निवडणुकीत, स्वतंत्र पक्षाचे ४४ खासदार निवडून आले होते. बंदीमागे केवळ तत्त्वनिष्ठा होती, असे मानणे म्हणूनच कठीण जाते. शिवाय निवडणूक खर्चासाठी शासकीय निधीची पर्यायी व्यवस्था झाली नाही. परिणामी पैसा थांबला नाही, तो हिशेबाच्या वहीबाहेर गेला. पक्षांच्या स्मरणिकांतील जाहिराती हा त्यातल्या त्यात सभ्य मार्ग होता.

ही बंदी १९८५ मध्ये उठली. २०१३ च्या कायद्याने मर्यादा साडेसात टक्के केली. २०१७ मध्ये ती मर्यादा काढली गेली व पक्षाचे नाव जाहीर करण्याचे बंधनही गेले. निवडणूक रोख्यांच्या योजनेची घोषणा त्याच वर्षी झाली. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना आणि अमर्याद देणग्यांची तरतूद घटनाबाह्य ठरविली. या निकालाचा मुख्य आधार मतदाराचा माहितीचा अधिकार हा होता.

भागधारकाची स्थिती मात्र निराळी आहे. १९५७ मध्ये घटनापत्रक बदलण्यासाठी कंपनीस भागधारकांचा विशेष ठराव व न्यायालयाची संमती घ्यावी लागली होती. २०१३ च्या कायद्यातील कलम १८२ अन्वये देणगीसाठी संचालक मंडळाचा ठराव पुरेसा आहे.