भोजली, कायदा आणि फाशी

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि रायपूरवर कंपनीचा अंमल आला. १० डिसेंबर १८५७ रोजी सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना या शहरात देहान्त शासन झाले. पुढच्याच जानेवारीत सतरा बंडखोर शिपाई फासावर चढले. नव्या सत्तेची ओळख रायपूरला झाली ती अशी. दोन स्त्रियांच्या प्रेमापुढे मात्र याच सत्तेचा कायदा गोंधळलेला दिसतो.

इंग्लंडात १५३३च्या कायद्यान्वये पुरुषांच्या समसंबंधांस मृत्युदंड होता. तो १८६१ साली रद्द झाला. स्त्रिया त्यात कधीच नव्हत्या. युरोपात इतरत्र हे अभय नव्हते. प्रशियातील कॅथरिना लिंक हिने पुरुषवेषात कॅथरिना म्युलहान हिच्याशी लग्न केले. स्त्रीला या कृत्यासाठी देहान्त द्यावा काय, याविषयी न्यायपंडितांत दुमत होते. अखेर राजाच्या निर्णयाने १७२१ साली हाल्बरश्टाट येथे लिंकचा शिरच्छेद झाला आणि म्युलहानच्या वाट्याला कैद व हद्दपारी आली. १९२१ साली इंग्लंडात स्त्रियांनाही गुन्हेगार ठरविण्याची सूचना आली, ती उमरावांच्या सभागृहाने फेटाळली. त्यामागे औदार्य नव्हते. ज्या स्त्रियांच्या हे गावीही नाही त्यांना ते कळेल, ही धास्ती होती!

हिंदुस्थानात १८६२पासून लागू झालेल्या दंडविधानाच्या ३७७व्या कलमात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. त्याच्या व्याख्येत दोन स्त्रियांचा संबंध नीटसा बसत नसे. धाक मात्र त्यांनाही होता.

लोकजीवनाची रीत निराळी. छत्तीसगढात श्रावणात टोपलीत धान्य पेरून कोंब उगवतात, त्यांना भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे विसर्जन होते. त्या वेळी दोन मुली एकमेकींच्या कानांवर कोंब खोवतात आणि जन्मभराच्या ‘भोजली’ होतात. मग एकमेकींचे नाव घ्यायचे नाही. दोन्ही घरे सोयरी मानली जातात. जातीची आडकाठी येतेच असे नाही. या नात्याला घाईने प्रणय म्हणणे हा अभ्यासकाचा उतावीळपणा ठरेल. पण या नात्याच्या आडोशाने कोणाचे प्रेम जगलेच नसेल, असे ठामपणे सांगणे हाही तितकाच अविचार होय. समाजाने निदान दोन स्त्रियांच्या आयुष्यभराच्या बांधिलकीला नाव दिले होते. कायद्याला तेही सुचले नाही.

रायपूर मध्य प्रदेशात असताना, १९८७ साली, त्या राज्याच्या पोलीस दलातील दोन स्त्रियांनी परस्परांशी विवाह केला आणि दोघींनाही नोकरी गमवावी लागली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र अशा विवाहांना मान्यता देण्यास नकार दिला. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ३७७व्या कलमाची जागा घेणारे कलम नाही. खुनासाठी फाशीची तरतूद कायम आहे.