मुलाच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी मदत कुठे मिळते? सुरगाणा तालुक्यातील पालकांसाठी माहिती

हजार जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांना जन्मजात हृदयदोष असतो. सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागत नाही. हृदयाच्या पडद्यातील लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बंद होतात. पण शस्त्रक्रिया लागणार असेल, तर पैशांअभावी ती लांबवू नका. सरकारी योजना आणि धर्मादाय संस्था मिळून बहुतेक खर्च उचलता येतो.

कोणत्या लक्षणांकडे लक्ष द्यावे?

- दूध पिताना बाळ दमते, कपाळावर घाम येतो
- श्वास जोरात चालतो, वारंवार न्यूमोनिया होतो
- वजन वाढत नाही
- ओठ, जीभ किंवा नखे निळसर दिसतात
- खेळताना दम लागून मूल उकिडवे बसते

वजन न वाढणाऱ्या मुलाला आपल्या भागात आधी कुपोषित समजले जाते. पोषण आहार देऊनही वजन वाढत नसेल, तर हृदयाची तपासणी करायला सांगा. बाळ निळे पडले किंवा श्वास घेता येईना, तर लगेच १०८ वर फोन करा.

उशीर का करू नये?

मोठ्या छिद्रातून जास्तीचे रक्त फुप्फुसात जात राहते. कालांतराने तेथील दाब कायमचा वाढतो आणि मग छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते. काही दोषांमध्ये तर जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया करावी लागते. 'मूल मोठे होऊ द्या' हा सल्ला हृदयरोगतज्ज्ञांनी इको तपासणी पाहून दिला असेल तरच माना.

सुरुवात कुठून करावी?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासते. द्राक्षाच्या कामासाठी दिंडोरी, निफाडकडे गेल्यामुळे तपासणी चुकली असेल, तर आशाताईंना सांगा किंवा मुलाला घेऊन सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. तेथून पुढे नाशिकच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्या.

मदतीचे मार्ग

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत: प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' भेटतो. हेल्पलाइन १५५३८८.
- श्री सत्य साई संजीवनी, खारघर (नवी मुंबई): जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर येथे पूर्ण मोफत उपचार होतात.
- धर्मादाय रुग्णालये: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. अडचण आल्यास तेथील समाजसेवा अधीक्षक किंवा धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जा.
- उरलेल्या खर्चासाठी: मुख्यमंत्री सहाय्यता निधी, सिद्धिविनायक मंदिर न्यास, रोटरी क्लब.

कोणती कागदपत्रे लागतात?

रेशन कार्ड, आई-वडिलांचे आधार कार्ड, बाळाचा जन्मदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, इकोचा रिपोर्ट आणि रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक. प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स जवळ ठेवा. नावातील स्पेलिंगचा फरक आधीच दुरुस्त करून घ्या. त्यामुळे मंजुरी अडकू शकते.

संस्था साधारणपणे पैसे थेट रुग्णालयाला देतात. 'मदत मिळवून देतो' म्हणून कोणी कमिशन मागत असेल, तर देऊ नका.

संशोधनात सहभागी व्हायला सांगितले तर?

देणग्यांतून मुलांच्या हृदयविकारांवर संशोधनही होते. त्यासाठी तुमच्या मुलाची माहिती किंवा रक्ताचा नमुना मागितला जाऊ शकतो. संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत वाचून दाखवायला सांगा. नकार देण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि नकार दिला म्हणून मुलाचे उपचार थांबवता येत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर

औषधे मनाने बंद करू नका. दात स्वच्छ ठेवा, कारण तोंडातील जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोहोचू शकतात. ताप आला, जखम लाल झाली किंवा दम लागला, तर लगेच दाखवा. कामासाठी गाव सोडताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्या आणि तपासणीची तारीख चुकवू नका.