जोडा नेमका कुठे चावतो?

प्रतिनिधी, मुंबई

पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या की मुंबईच्या उपनगरांतील तरुणाईला सह्याद्रीचे वेध लागतात. शनिवारी रात्री घाटकोपर, मुलुंडच्या फलाटांवर पाठीला सॅक लावलेले घोळके कसारा किंवा कर्जतच्या शेवटच्या लोकलची वाट पाहत उभे असतात. बोरिवली-अंधेरीची मंडळी दादरला गाडी बदलून त्यांना येऊन मिळतात. सॅकमध्ये काय भरावे, याची यादी आठवडाभर आधी तयार होते. पायांत काय घालावे, याचा विचार मात्र बहुधा शुक्रवारी संध्याकाळी होतो, आणि मग घाईत घेतलेला नवा बूट रविवारी दुपारी, गड उतरताना, आपला हिशेब चुकता करतो.

प्रस्तुत प्रतिनिधीला हा धडा कळसूबाईने शिकवला. १,६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर चढताना काहीच जाणवले नाही. उपनगरातील एका दुकानात ‘वापरून वापरून सैल होईल’ अशा आश्वासनावर घेतलेला, किंचित आखूड बूट बारी गावाकडे उतरताना मात्र प्रत्येक पावलाला बोटांवर आदळू लागला. पाय वाचवण्यासाठी आडवी पावले टाकताना लोखंडी शिडीवर एकदा तोल गेला. सोबत्याने सॅकचा पट्टा धरला म्हणून निभावले. दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली आणि ती पूर्ववत व्हायला वर्ष उलटले. न बसणारा बूट ही केवळ गैरसोय नव्हे, डोंगरात तो अपघाताचे कारण ठरू शकतो. म्हणूनच सह्याद्रीतला ट्रेक असो वा हिमालयातला बर्फ, बूट पायाला कसा बसवून घ्यावा, याची ही माहिती.

आकडा नव्हे, पाऊल मोजा

‘माझे माप आठ नंबर’ असे आपण सहज सांगतो. हा आकडा सर्व कंपन्यांत सारखा नसतो. भारतात रूढ असलेली पद्धत ब्रिटिशांकडून आलेली असून, तीत एका मापापासून पुढच्या मापापर्यंत लांबीत एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. युरोपीय पद्धतीत हाच टप्पा पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असतो. अमेरिकी पद्धतीत पुरुषांच्या बुटाचा आकडा ब्रिटिश मापापेक्षा साधारण एकाने मोठा येतो. त्यामुळे आयात केलेल्या बुटाच्या जिभेवर तीन-चार आकडे छापलेले आढळतात आणि ग्राहक गोंधळतो.

यावर साधा उपाय म्हणजे पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजणे. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे, पूर्ण वजन पायावर द्यावे आणि सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलीने खूण करावी. हे बोट अंगठाच असेल असे नाही. अनेकांचे दुसरे बोट लांब असते. दोन्ही पावले मोजावीत, कारण ती क्वचितच अगदी सारखी असतात. बूट निवडताना मोठे पाऊल प्रमाण मानावे. मोजणी संध्याकाळी करावी. दिवसभराच्या उभे राहण्याने पाय थोडे सुजलेले असतात आणि डोंगरात तासन् तास चालल्यावरही त्यांची अशीच स्थिती होते.

लांबीइतकाच महत्त्वाचा आहे चवड्याचा रुंदपणा. उघड्या चपला घालून वाढलेल्या आपल्याकडील अनेकांचे पाय चवड्याशी रुंद असतात, तर बाजारातील बरेच बूट परदेशी साच्यांवर बेतलेले असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या पावलांची त्रिमितीय मोजणी केली. भारतीयांची पावले तुलनेने रुंद असल्याचे त्यात आढळले आणि त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. रुंदीला कमी पडणारा बूट अनेकजण एक माप मोठा घेऊन भागवतात. पण त्यामुळे चवडा सुटतो आणि टाच मागे हलू लागते. अशा वेळी लांबी न वाढवता रुंद साच्याचे दुसरे मॉडेल शोधणे हाच खरा मार्ग.

दुकानातली परीक्षा

दुकानात जाताना ट्रेकला वापरायचे मोजे सोबत न्यावेत. प्रथम बुटातील आतला तळ, म्हणजे इनसोल, बाहेर काढून त्यावर उभे राहावे. पाऊल कडेबाहेर जात असेल, तर तो बूट तिथेच बाजूला ठेवावा. नंतर लेस न बांधता पाय बुटात पुढे सरकवून बोटे टोकाला टेकवावीत. टाचेमागे हाताचे एक बोट जेमतेम शिरावे, इतकी जागा हवी.

मग टाच मागे बसवून लेस बांधावी आणि उभे राहावे. बोटांपुढे सुमारे एक ते दीड सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे आणि बोटे आत मोकळेपणी हलली पाहिजेत. चालताना टाच किंचित उचलली गेली तर चिंता नको. ती घसरत, घासत वर येत असेल, तर तिथे फोड येणार हे निश्चित.

खरी कसोटी उताराची. दुकानात जिना असेल तर तो दोन-तीनदा उतरून पाहावा. उतरताना बोटे पुढे आदळली, तर हरिश्चंद्रगडाच्या तोलार खिंडीच्या उतारावर काय होईल, याचा अंदाज तिथेच येतो. किमान पंधरा-वीस मिनिटे दोन्ही बूट घालून वावरावे. विक्रेत्याच्या चेहऱ्यावरील अधीरता या काळात नजरेआड करावी. ‘सैल होईल’ हे आश्वासन चामड्याच्या रुंदीबाबत काही अंशी खरे असते, लांबीबाबत कधीच नाही. कृत्रिम कापडाचे आणि रबराचे बूट तर फारसे सैल होतच नाहीत.

चामड्याचा बूट एकाच ठिकाणी बोचत असेल, तर स्थानकाबाहेरचा अनुभवी गटई कामगार लाकडी साचा घालून तेवढा भाग ताणून देऊ शकतो. कुर्ला-चेंबूर परिसरातील ठक्करबाप्पा कॉलनी तर पादत्राणांच्या कारागिरीसाठीच ओळखली जाते. आखूड बूट लांब करण्याची किमया मात्र कोणत्याही कारागिराकडे नाही.

लेस बांधण्याचीही रीत असते

एकच बूट वेगवेगळ्या तऱ्हेने बांधता येतो, हे अनेकांच्या गावी नसते. चढताना घोट्याजवळची लेस थोडी सैल ठेवली, तर पाय पुढे वाकायला मोकळीक मिळते. उतार सुरू होण्यापूर्वी मात्र थांबून ती पुन्हा आवळावी. पावलाच्या वरच्या वळणावर लेसचे दोन वेढे एकमेकांत गुंफून गाठ पक्की करावी आणि मग वरच्या हुकांत न्यावी. त्यामुळे टाच मागच्या खोबणीत बसून राहते आणि बोटांपर्यंतचा ताण तुटतो. ज्यांच्या पावलाचा वरचा भाग उंच आहे, त्यांनी नेमक्या दुखणाऱ्या ठिकाणी लेस तिरकी न नेता सरळ वरच्या छिद्रात घ्यावी. बोचणे लगेच कमी होते.

मोज्यांच्या बाबतीत सुती मोज्यांचा मोह टाळावा. सूत घाम आणि पाणी धरून ठेवते, ओली त्वचा मऊ पडते आणि घर्षणाने सुटते. लोकरीचे अथवा कृत्रिम धाग्याचे मोजे त्यापेक्षा बरे. कोरडी एक जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत सॅकमध्ये असावीच.

नवा बूट थेट गडावर नेऊ नये. आठवडाभर घरात, मग बाजारहाटाला तो वापरावा. बोरिवलीकरांना तर राष्ट्रीय उद्यान हाकेच्या अंतरावर आहे. प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता आणि लेण्यांच्या दगडी पायऱ्या ही बुटाची उत्तम चाचणी ठरते. अंधेरी-घाटकोपरच्या रहिवाशांनी आठवडाभर मेट्रो स्थानकाचा सरकता जिना सोडून साधा जिना उतरावा. बूट कुठे चावतो, हे कळायला तेवढे पुरते.

बर्फातले बूट

हिवाळ्यात गुलमर्ग, औली, मनालीकडे स्कीइंग किंवा स्नोबोर्डिंग शिकायला जाणाऱ्यांत मुंबईकरही असतात. औलीत २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धा झाल्या, तर गुलमर्गला २०२० मध्ये पहिल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा भरल्या. त्यानंतर या खेळांची ओळख वाढली. तिथे बूट बहुधा भाड्याने मिळतात आणि सकाळच्या गर्दीत हाती येईल तो जोडा घालून नवशिका बर्फावर उतरतो.

इथे ट्रेकच्या बुटाचे नियम बरेचसे उलटे होतात. स्की आणि स्नोबोर्डच्या बुटांवर पावलाच्या लांबीचे माप सेंटिमीटर वा मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. घरी मोजलेला आकडा इथे थेट उपयोगी पडतो. स्नोबोर्डच्या बुटात ताठ उभे राहिल्यावर बोटांनी पुढच्या टोकाला हलका स्पर्श करायला हवा. गुडघे वाकवले की टाच मागे बसते आणि बोटे किंचित मागे सरकतात. या खेळात फळी वळवायची ती टाच आणि चवडा यांच्या दाबाने. टाच आत उचलली गेली, तर पायाने दिलेला इशारा फळीपर्यंत उशिरा पोहोचतो आणि नवशिका पडतो. म्हणून टाच अजिबात न उचलणारा बूट निवडावा. आतले मऊ अस्तर वापराने दबते. आज जेमतेम बसणारा बूट पुढे नेमका बसतो, आज सैल असलेला मात्र आणखी सैल होतो. नव्या बुटांपैकी काहींचे अस्तर उष्णता देऊन पायाच्या आकाराचे करून घेता येते.

स्कीचा बूट टणक प्लॅस्टिकचा असतो. त्याचे माप पाहण्यासाठी आतले अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालावा आणि बोटे पुढे टेकवावीत. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा असावी.

थंडीच्या धास्तीने दोन-तीन मोजे चढवणे ही सर्वांत घातक चूक. मोज्यांच्या गर्दीने बूट आवळतो, रक्तप्रवाह मंदावतो आणि पाय अधिकच गार पडतात. बोटे बधिर होऊ लागली, तर ते हिमदंशाच्या धोक्याचे लक्षण समजावे, बूट सैल करावा आणि लगेच उबदार जागी जावे. बर्फात लांब, चांगल्या प्रतीचा एकच मोजा पुरे. त्याच्या आत पँटचे टोक खुपसू नये, कारण तीच घडी नडगीला बोचते.

माळ्यावर ठेवलेला बूट

उत्तम बसणारा बूटही मुंबईत दगा देऊ शकतो. अनेक बुटांच्या तळातील मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील बाष्पाशी संयोग होऊन हा थर काही वर्षांत आतून कुजतो. बाहेरून बूट नवा दिसतो, पण चार-पाच वर्षे माळ्यावर ठेवलेल्या अशा बुटाचा तळ पहिल्याच ट्रेकला भुगा होऊन सुटतो. उपनगरांतील दमट हवेत हा धोका अधिक. म्हणून जुना बूट काढल्यावर तळ हातांनी वाकवून, दाबून पाहावा. भेग दिसली किंवा चिकट भुकटी निघाली, तर तो डोंगरात नेऊ नये. ओला बूट तीव्र उन्हात वा शेगडीजवळ वाळवू नये. त्यात जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे भरून ते बदलत राहावे. वर्तमानपत्राचा हा उपयोग आम्हालाही मान्य आहे.

फोड आणि साचलेले पाणी

पायाला एखाद्या जागी चटका बसल्यासारखे वाटले, की गट पुढे जाईल या संकोचाने चालत राहू नये. तिथेच थांबून, जागा कोरडी करून चिकटपट्टी लावावी. पाच मिनिटांच्या या थांब्याने पुढचे चार तास वाचतात. आलेला फोड शक्यतो फोडू नये.

परतीच्या प्रवासातील धोका तर अनेकांच्या ध्यानीही येत नाही. गडावर सोललेली टाच घेऊन रविवारी रात्री उपनगरात उतरावे, तर रस्त्यावर आणि भुयारी मार्गात गुडघाभर पाणी. या पाण्यात उंदरांच्या व जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळलेले असू शकतात आणि ते जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या आजाराची साथ अनुभवली आहे. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून जाणे टाळावे. नाइलाजाने जावे लागल्यास पाय साबणाने धुवावेत आणि लवकरात लवकर डॉक्टरांकडून प्रतिबंधक औषधाविषयी विचारून घ्यावे. बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या ओल्या मोज्यांमुळे बळावतात. त्यासाठी पाय कोरडे ठेवणे हाच पहिला उपचार. मधुमेहींच्या पायांतील संवेदना कमी झालेली असू शकते. बूट चावत असूनही त्यांना ते कळत नाही. त्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच बूट निवडावा आणि रोज तळवे तपासावेत.

थोडक्यात लक्षात ठेवा

- पाऊल संध्याकाळी, उभे राहून, सेंटिमीटरमध्ये मोजा. मोठे पाऊल प्रमाण माना.
- ट्रेकच्या बुटात बोटांपुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी, स्नोबोर्डच्या बुटात बोटांचा टोकाला हलका स्पर्श हवा.
- जिना उतरून पाहिल्याशिवाय बूट विकत घेऊ नका.
- उतार लागण्यापूर्वी घोट्याजवळची लेस पुन्हा आवळा.
- जुन्या बुटाचा तळ घरीच वाकवून तपासा.
- जखमी पायाने साचलेल्या पाण्यात उतरू नका.

जोडा कुठे चावतो, हे घालणाऱ्यालाच कळते असे म्हणतात. ते त्याला गडाच्या निम्म्या उतारावर कळण्याऐवजी दुकानाच्या जिन्यावर कळले, तर परतीची लोकल पकडताना पाय ओढत धावण्याची वेळ येणार नाही.